जात्यावरची ओवी आणि पोथीतील ओवी

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. अभिषेकाची वेळ कोणती, भक्तनिवासात खोली मिळेल काय, देणगीची पावती कोणाच्या नावे करावी, एवढ्यावर आमच्या कार्यालयातील संभाषण संपते. गेल्या कार्तिकात मात्र एका देणगीदार गृहस्थांनी निराळाच प्रश्न विचारला. काकड्याच्या वेळी सभामंडपाच्या खांबाशी बसून गावातील एक वृद्ध माउली आपल्याशीच काही गुणगुणत होत्या. त्यात पंढरीची वाट होती, विठ्ठल होता, माहेरचा भाऊ होता. गृहस्थांना ते शब्द फार आवडले. पावती घेताना ते म्हणाले, "त्या आजी म्हणत होत्या ते कोणत्या पोथीत आहे? मला ती पोथी विकत घ्यावयाची आहे."

ते कोणत्याच पोथीत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. जे इतके सुंदर आहे ते कोठेतरी छापलेले असलेच पाहिजे, असे शिकलेल्या माणसास वाटते. कला शाखेची पदवी घेतलेल्या मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. वस्तुस्थिती उलट आहे. पोथीतील ओवी ही त्या आजींच्याच घराण्यातून पोथीत गेलेली आहे. ती कशी गेली, आणि जाताना तिचे काय मागे राहिले, हे भाविक वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

ग्रंथाआधीची ओवी

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ असा सांगितला जातो. राज्यकारभार, रत्नपरीक्षा, हत्ती, पाकशास्त्र, खेळ असे नाना विषय या ग्रंथात आहेत. त्यात गीतांचा विचार करताना ग्रंथकर्त्याने नोंदविले आहे की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. कांडण म्हणजे उखळात मुसळाने धान्य सडणे. राजाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात उखळाजवळच्या बाईला मिळालेली ही जागा अगदी लहान आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ती फार मोलाची वाटते. कारण श्री ज्ञानेश्वर महाराजांनी नेवासे येथे गीतेवरील टीका सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली. 'मानसोल्लास' त्याच्या एकशे एकसष्ट वर्षे आधीचा. ओवी हा ज्ञानदेवांनी नव्याने घडविलेला छंद नव्हता. तो घराघरांत, पहाटेच्या अंधारात, दळण-कांडणाबरोबर चाललेला होता.

ज्यांनी जाते चाललेले पाहिले नाही अशा तरुण भाविकांसाठी थोडे सांगतो. दोघी जणी समोरासमोर बसत, दोघींचा हात एकाच खुंट्यावर असे. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठभर धान्य, आणि त्या फेऱ्याच्या लयीत शब्द. श्वास जेवढा पुरेल तेवढी ओळ. म्हणूनच जात्यावरच्या ओवीत अक्षरांची मोजणी काटेकोर नाही. एक ओळ लांबते, दुसरी आखडते, शेवटच्या यमकावर मात्र दोन्ही भेटतात. एकीने पहिली ओळ घ्यावी, दुसरीने ती पुरी करावी, असेही चाले. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला, असा मान ठरलेला असे. 'ओवी' हा शब्द 'ओवणे' यावरून आला असे म्हणतात. फुले ओवावीत तसे शब्द ओवलेले.

ग्रंथातील ओवी ही याच ओवीची शिस्त लावलेली बहीण होय. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा चरण आखूड, मोकळा असतो. तरीही चरण किती अक्षरांचा असावा याचे बंधन तिनेही घालून घेतले नाही. ज्ञानदेवांच्या समोर संस्कृतातील मोजूनमापून बांधलेली वृत्ते होती. ती सोडून त्यांनी ही सैल, घरगुती वीण पत्करली. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांमध्ये तत्त्वज्ञान मांडायचे तर विचार जेवढा लांबेल तेवढी ओळ लांबू देणारा छंद हवा. तो छंद बायकांनी शतकानुशतके वापरून मऊ करून ठेवला होता. शिवाय ज्यांच्यासाठी हे सांगावयाचे, त्या श्रोत्यांच्या कानांना तो लहानपणापासून ओळखीचा होता. आई दळत असताना तिच्या मांडीवर झोपलेले मूल प्रथम जो छंद ऐकते, त्याच छंदात पुढे त्याने गीता ऐकावी, ही योजना मला फार मोठी वाटते.

आणि ज्ञानेश्वरी हा ग्रंथ तरी लिहिलेला कोठे आहे? तो सांगितलेला आहे, आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतलेला आहे. म्हणूनच त्यात श्रोत्यांना जागोजागी हाक आहे, अवधान द्या अशी विनवणी आहे, सद्गुरू निवृत्तिनाथांशी बोलणे आहे. पारायणाला बसणाऱ्या भाविकांनी एखाद्या दिवशी केवळ या हाकांकडे लक्ष देऊन पाहावे. समोर माणसे बसलेली आहेत, कोणी डुलक्या घेत असेल, कोणी पुढे सरसावला असेल, असे चित्र उभे राहते.

या ओवीतूनच पुढे अभंग वाढला, असे बहुतेक विद्वान मानतात. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची मांडणी पाहिली की चौथा आखूड चरण लगेच ओळखू येतो.

ऐकून लिहिलेले

ओवीपुरतीच ही गोष्ट नाही. महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते इ.स. १२७८ च्या सुमारास. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून आणि स्वामींना पाहिलेल्या इतर माणसांकडून ऐकून, गावोगाव हिंडून त्यांनी त्या गोळा केल्या. मराठीतील आद्य गद्य ग्रंथांत ज्याची गणना होते तो ग्रंथ असा कानांनी जमविलेला आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा अनुयायांनी तो पुन्हा स्मरणातून उभा केला. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ आज आढळतात.

त्याच पंथातील महदाइसा या मराठीतील आद्य कवयित्री मानल्या जातात. त्यांची प्रसिद्ध रचना म्हणजे 'धवळे'. धवळा म्हणजे लग्नात नवरदेवाला उद्देशून बायकांनी म्हणावयाचे गाणे. रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगी महदाइसांनी ते गायिले आणि रुक्मिणीस्वयंवराची कथा त्या चालीत बसविली. मांडवातील गाणे अशा रीतीने वाङ्मयाच्या इतिहासात गेले. त्याहून मागे जावयाचे तर सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती' आहे. माहाराष्ट्री प्राकृतातील या सातशे गाथांत शेत, नदी, सासर, वाट पाहणारी स्त्री हेच विषय वारंवार येतात. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा ज्या प्राचीन वारशाचा अभिमानाने उल्लेख झाला त्यात ही गाथा होती. त्या वारशाच्या मुळाशी ग्रामीण स्त्रियांचे शब्द किती असतील, याचा विचार अवश्य व्हावा.

नाव कोणाचे?

तोंडी परंपरा आणि लेखन यांत एक मोठा भेद आहे. तो समजण्यासाठी नावाचा विचार करावा लागतो. अभंगाच्या शेवटी संत आपले नाव घालतात. नामदेवांचे, जनाबाईंचे, तुकोबांचे नाव त्या त्या अभंगात शेवटी येते. वही जवळ नसलेल्या काळात, एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानात जाणाऱ्या रचनेचा धनी विसरला जाऊ नये, यासाठी नाव रचनेतच गुंफून ठेवण्याची ही सोय होती. तरी गोंधळ व्हायचा तो झालाच. एकाच नावाने अनेकांनी अभंग रचले, एकाचे दुसऱ्याच्या नावावर गेले.

जात्यावरच्या ओवीतही नावे असतात, पण ती गाणारीची नसतात. भावाचे नाव, लेकाचे नाव, माहेरच्या गावाचे नाव. बाई सासरी जाताना आईच्या ओव्या बरोबर नेते आणि तेथे मामाच्या नावाच्या जागी आपल्या भावाचे नाव घालते. ओवी तीच, पण आता ती तिची झाली. पुढे तिची लेक तेच करील. अशा रीतीने एक ओवी घाटावरून देशावर, एका जातीतून दुसऱ्या जातीत, पाच-सात पिढ्या चालत जाते. तिची मूळ कर्ती कोण हे कोणीही सांगू शकत नाही, आणि गाणारीला त्याची खंतही नसते.

ग्रंथाचा धर्म वेगळा आहे. श्री एकनाथ महाराजांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या नकलांत पुष्कळ पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये, असे बजावूनही ठेवले. ग्रंथात भर घालणे हा दोष. जात्यावर मात्र भर न घालता ओवी म्हणणारी बाई शोधून सापडावयाची नाही. गंमत अशी की, हेच नाथ भारुडे रचताना वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्या अशा दारोदार फिरणाऱ्या लोककलावंतांची भाषा आणि वेष सर्रास घेतात. ग्रंथ शुद्ध ठेवावयाचा आणि लोकांच्या तोंडचे मोकळेपणी घ्यावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच थोर पुरुषाला साधल्या.

आपल्या परिसरातील दाखले

आमचा हा भाग नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला. दोघींचा संगम आपल्याच इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूर येथे होतो. दूरच्या भाविकांना हा केवळ उसाचा आणि धरणाच्या पाण्याचा मुलूख वाटतो. परंतु बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांची जितकी रूपे येथे शेजारी शेजारी नांदली तितकी क्वचितच इतरत्र आढळतील.

शेजारच्या बारामतीत कऱ्हेकाठी मोरोपंत राहत (इ.स. १७२९ ते १७९४). बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने त्यांनी अवघे महाभारत आर्या वृत्तात उतरविले. मराठीत त्यांच्याएवढा पंडिती, संस्कृतप्रचुर कवी दुसरा दाखविणे कठीण. शाळेत त्यांच्या आर्यांचा अन्वय लावताना आमची फार त्रेधा उडत असे, हे कबूल करावयास हरकत नाही. परंतु हे पंत स्वतः नाईकांच्या वाड्यात पुराण सांगत, म्हणजे श्रोत्यांसमोर बसणारे होते. त्यांच्या आर्या दूरवर पोहोचल्या त्या छापील पुस्तकामुळे नव्हे, कीर्तनकारांच्या मुखाने. सोलापूरचे शाहीर राम जोशी लावणी-तमाशाकडून कीर्तनाकडे वळले ते मोरोपंतांच्या प्रभावाने, आणि त्यांनीच या आर्या कीर्तनात लोकप्रिय केल्या, असे परंपरा सांगते. सीता, सावित्री यांच्यावर बायकांना म्हणता येतील अशी सोपी गीतेही पंतांच्या नावावर आहेत. एवढ्या मोठ्या पंडितालाही घरातील बायकांच्या चालीकडे यावेसे वाटले.

श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ओवीग्रंथ तर आमच्याकडे चातुर्मासात देवळोदेवळी लागत. एकाने वाचावयाचे, गावाने ऐकावयाचे. अक्षरओळख नसलेल्या बाया सीतेचा वनवास ऐकून घरी जात आणि पहाटे तो जात्यावर पुन्हा सांगत. पण आता तो वनवास सासुरवाशिणीच्या डोळ्यांनी पाहिलेला असे. पोथीत ज्या प्रसंगाला चार ओव्या, तेथे जात्यावर चाळीस. सीता रानात कशावर निजली असेल, तिचे बाळंतपण कोणी केले असेल, हे पोथी फारसे विचारीत नाही. दळणारी बाई तेच आधी विचारते.

धनगर बांधवांची ओवी ही आणखी एक मोठी शाखा. बिरोबा, म्हस्कोबा, धुळोबा यांच्या कथा रात्रभर गाऊन आणि मधूनमधून बोलून सांगितल्या जातात. एकाने चरण उचलावा, बाकीच्यांनी तो झेलावा, मग कथेचा तोच भाग साध्या बोलण्यात पुन्हा सांगावा, अशी तिची रीत. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर (१९३४ ते १९९२) यांनी पश्चिम महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांवर हिंडून अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला, आणि बिरोबा व धुळोबा यांच्या ओव्यांचे इंग्रजी भाषांतर त्यांच्या पश्चात, २०१४ साली प्रसिद्ध झाले. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांच्या मुखातील कथा परदेशी विद्यापीठात अभ्यासली गेली, तेव्हा आमच्या गावात ती गाणारे किती शिल्लक होते, हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो.

जगद्गुरू श्री तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आषाढात आपल्या तालुक्यातून जाते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस आणि इंदापुरास रिंगणे होतात, आणि सराटीहून पालखी नीरा ओलांडते. त्या वाटेवर गाथेतील अभंग चालता चालता, वही न उघडता म्हटले जातात. गाथा इंद्रायणीत बुडविली व ती तरली, ही कथा सर्वांना ठाऊक आहेच. मुंबई सरकारने १८६९ ते १८७३ या काळात गाथा छापविली तेव्हा देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा चार ठिकाणच्या वह्या ताडून पाहाव्या लागल्या. वारकऱ्यांच्या मुखात मात्र ती तोपर्यंत अखंड चालू होती. पंढरपुरास जाणाऱ्या भाविकांनी जवळच गोपाळपूर येथे जनाबाईंचे म्हणून दाखविले जाणारे जातेही पाहून यावे. देव दळू लागला ही कल्पना ज्या स्त्रीला सुचली, ती रोज दळणारी होती.

लिहून घेणाऱ्यांची कामगिरी आणि माझी चूक

विजेची गिरणी गावात आली आणि बायकांच्या खांद्यांचे कष्ट वाचले. ते वाचले हे फार चांगले झाले. जात्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्या पुरुषांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. परंतु जाते थांबले तशी ओवी म्हणण्याची वेळही गेली. आज लग्नात हळदीपुरते जाते पुजले जाते, तेवढीच तिची जागा.

सुदैवाने काहींनी आधीच कान दिला होता. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' मध्ये ओव्या जमविल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे मोठे कार्य केले. खानदेशातील बहिणाबाई चौधरींना (१८८० ते १९५१) लिहिता येत नव्हते. घरातल्यांनी त्यांची गाणी उतरून ठेवली होती, पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. कोणी लिहून ठेवले नसते तर? पुण्यात गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने २०१७ पासून त्या गाणाऱ्या बायांच्या नावागावांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अशा रीतीने गाणारीचे नाव ओवीशेजारी लिहिले गेले.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी गावातील एका आजींकडून ओव्या लिहून घेण्याचे ठरविले. प्रथम त्यांना काही आठवेना. नुसते बसून ओवी येत नाही, हात फिरला पाहिजे, असे त्या म्हणाल्या. शेवटी कोठीतून हळदीचे जाते आणून सभामंडपात मांडले. खुंट्याला हात लागताच ओव्या सुरू झाल्या, त्या मला लिहिणे पुरवेना. रात्री मी त्या 'शुद्ध' केल्या. व्हता चे होता केले, ओळी सारख्या लांबीच्या केल्या, आणि एक नाव पुनःपुन्हा येत होते ते पाल्हाळ समजून गाळले. छापलेले पान मी मोठ्या उत्साहाने आजींना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ग्वाड हाय, अण्णा. पर ह्ये माझं न्हाई. माझा भाऊ कुठं गेला ह्यातनं?"

ते नाव त्यांच्या भावाचे होते. तो तरुणपणीच वारला होता, आणि ओवीखेरीज त्याचे नाव कोठेही उरलेले नव्हते. स्मरणिका वाटून झाली होती. आजींनी पुन्हा ओव्या सांगितल्या असत्या, पण मी पुढल्या एकादशीला बसू असे म्हणत राहिलो आणि त्या एकादशीच्या आत त्या गेल्या.

काकड्याच्या वेळी ऐकलेल्या ओव्यांची पोथी मागणाऱ्या गृहस्थांना मी ही हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की, त्यांच्या आईलाही ओव्या येतात, पण त्यांनी कधी विचारले नाही. पंधरा दिवसांनी त्यांचे पत्र आले. आत तीन ओव्या होत्या, बोलीत, कोठेही न सुधारलेल्या, आणि त्यांत त्यांच्या मामांचे नाव सात वेळा.

त्या पत्रापासून कार्यालयात एक वेगळी नोंदवही ठेवली आहे. ज्या भाविकांच्या घरी ओव्या, धवळे, पाळणे किंवा धनगरी कथा जाणणारी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्या जशा म्हटल्या जातात तशाच लिहून आणाव्यात. गाणारीचे नाव तिच्या संमतीने, तिचे माहेर व सासर, ओवी कोणाकडून ऐकली आणि कोणत्या वेळी म्हणतात, एवढे रकाने भरावेत. ज्यांना लिहिणे शक्य नाही त्यांनी आजींनाच बरोबर आणावे, जाते येथे आहे. वही पावतीपुस्तकाशेजारी ठेवलेली असते आणि नोंदीस कोणतेही शुल्क नाही.